लांब फेकणारा रॉड घेण्याआधी तलावाची खोली मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहान तलाव, एका बाजूला मातीचा बांध. तुम्ही बांधावर बसता, सकाळी नऊ ते दुपारी तीन. कणकेचा गोळा लावून जमेल तितकं लांब फेकता. बारीक मासे गोळा कुरतडून नेतात, मोठा लागत नाही. मध्यावर मात्र मोठे मासे उसळताना दिसतात. एकदाच एक जड मासा लागला, तोही तंगूस (गळाची दोरी) तोडून गेला. म्हणून आणखी लांब फेकता येईल असा १२ फुटी रॉड घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

घेऊ नका. निदान या कारणासाठी तरी नको. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मासा बहुतेक तुमच्या गळाच्या अलीकडे आहे, आणि रॉड जितका लांब तितके तुम्ही त्याच्यापासून आणखी दूर जाल. तंगूस तुटणं हा वेगळा विषय आहे, त्याचा रॉडच्या लांबीशी फारसा संबंध नाही. त्यावर पुढे लिहितो.

तलाव मी पाहिलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी गृहीत धरतो. मासे मुख्यतः सायप्रिनस, रोहू, मृगळ अशा कार्प जातींचे असावेत आणि बारीक मासे म्हणजे तिलापियाची पिल्लं असावीत, कारण गोळा असा टोचून टोचून संपवणं हे त्यांचं काम. बांधाजवळ खोली पाच-सहा मीटर किंवा जास्त असेल असं धरलंय. तुमचा तलाव कुठेच तीन मीटरपेक्षा खोल नसेल तर पुढचा, पाण्याच्या थरांबद्दलचा भाग सोडून द्या, कारण इतकं उथळ पाणी वारा तळापर्यंत घुसळून काढतो. आणि तलावावर मासेमारीचा हक्क कुणाकडे आहे, गळ टाकायला परवानगी लागते का, हे विचारून ठेवलं असेलच. नसेल तर आधी ते करा.

आता मधलं खोल पाणी रिकामं का असतं ते बघू. गरमीच्या दिवसांत उन्हानं वरचं पाणी तापतं. तापलेलं पाणी हलकं, ते वर राहतं; गार पाणी जड, ते तळाशी बसतं. मध्ये एक पट्टा असतो, तिथं मीटर-दोन मीटरमध्ये तापमान झपकन उतरतं. हा पट्टा झाकणासारखं काम करतो. वाऱ्यानं वरचं पाणी कितीही हललं तरी हवेतला ऑक्सिजन त्या झाकणाखाली पोचत नाही. तिथं उजेड नाही, त्यामुळे शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही. उलट तळाशी कुजणारा पाला आणि गाळ असलेला ऑक्सिजनही खाऊन टाकतो. त्यात गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो: २० अंश सेल्सियसला लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साधारण साडेसात. कार्प जातीचे मासे तीन-चार मिलिग्रॅमच्या खाली खाणं कमी करतात. तुमचा गोळा सहा-सात मीटर खोल, काळ्या गाळात, अशा पाण्यात पडून असेल तर तिथं तो बघायला कुणी येत नाही.

बांधाचं गणितही मांडून बघा. मातीच्या बांधाची पाण्याकडची बाजू साधारणपणे दर अडीच-तीन मीटरला एक मीटर अशी उतरते. म्हणजे पाण्याच्या कडेपासून १५ मीटरवर पाच ते सहा मीटर खोली. तुम्ही ४०-५० मीटर फेकत असाल तर गळ सरळ तलावाच्या सगळ्यात खोल भागात जातो. बाजूच्या नैसर्गिक काठावरून तेवढंच फेकलं तर खोली कदाचित दोनच मीटर मिळेल. बसायला बांध सोयीचा, म्हणून सगळे तिथंच बसतात. माशाला त्या सोयीचं काही देणंघेणं नाही.

नेमक्या कुठल्या खोलीवर आमिष ठेवायचं हे ठरवायला एक स्वस्त युक्ती आहे. डब्याचं पांढरं झाकण घ्या, साधारण २० सेंटिमीटर रुंद. मध्ये भोक पाडून दोरी ओवा, खाली थोडं वजन बांधा, दोरीला दर २५ सेंटिमीटरवर गाठ मारा. सावलीच्या बाजूनं पाण्यात सोडा. झाकण दिसेनासं झालं ती खोली बघा, मग वर ओढताना पुन्हा दिसू लागलं ती खोली बघा, दोन्हींची सरासरी घ्या. पाण्याची पारदर्शकता मोजायची ही रीत इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये समुद्रावर वापरली आणि तलावांचे अभ्यासक आजही अशीच चकती सोडतात. ढोबळ हिशेब असा की शेवाळाला पुरेल इतका उजेड या खोलीच्या दुपटी-अडीचपटीपर्यंत जातो. झाकण ८० सेंटिमीटरला गायब झालं तर ऑक्सिजन तयार होतो तो वरच्या दीड-दोन मीटरमध्येच. वारा पडलेल्या गरम आठवड्यांत मी आमिष या मर्यादेच्या आत, तळ जिथं या मर्यादेला टेकतो तिथं ठेवतो. गढूळ तलावात हा पट्टा काठाच्या अगदी जवळ असतो, स्वच्छ तलावात बराच आत.

थंडीत हे सगळं उलटतं. वरचं पाणी गार होऊन खाली उतरतं, थर मोडतात, तळापर्यंत ऑक्सिजन पोचतो आणि खोल पाण्याचं तापमान दिवसरात्र फारसं हलत नाही. तेव्हा मासे खोलात जमतात आणि बांधावरची जागा चांगली ठरते. म्हणजे बांध कायमचा वाईट नाही; तुमची वेळ आणि तुमची खोली जुळत नाहीयेत.

उसळणाऱ्या माशांवरून जागा ठरवू नका. उसळी म्हणजे खाणं नव्हे. कटला आणि सिल्व्हर कार्प वरच्या थरातलं सूक्ष्म खाद्य गाळून खातात. ते मध्यावर दिसतात, पण तळावरच्या गोळ्याशी त्यांचा संबंध येत नाही. कटल्याचं तोंड बघा, खालचा जबडा पुढे येऊन वर वळलेला असतो. तळावरचं वेचायला ते तोंडच नव्हे. तळावर खाणाऱ्या माशाची खूण वेगळी आहे: बारीक बुडबुड्यांचा पुंजका वर येतो, थोडा सरकून पुन्हा येतो, आणि उथळ पाण्यात त्यासोबत गढूळपणाचा ढग दिसतो. एकाच जागी ठरावीक वेळानं मोठे बुडबुडे येत असतील तर तो गाळातला वायू आहे. हा फरक ओळखायला सकाळी अर्धा तास गळ न टाकता नुसतं बसावं लागतं. बहुतेकांना तेच जमत नाही.

जागा निवडताना मी या क्रमानं बघतो. आधी वारा. दोन-तीन दिवस एकाच दिशेनं वारा असेल तर तो वरचं कोमट, ऑक्सिजन असलेलं पाणी आणि तरंगणारं खाद्य समोरच्या काठाकडे ढकलतो. लाटा जिथं आपटतात तो काठ बसायला त्रासाचा, पण मासा तिथं असतो. अपवाद थंडीतल्या बोचऱ्या वाऱ्याचा; तेव्हा आडोशाचा, ऊन पडणारा काठ बरा.

मग पाण्याची पातळी. जलाशय नैसर्गिक तळ्यासारखा स्थिर नसतो, पाणी सोडलं की उतरतो, ओढा आला की चढतो. पाणी चढतं तेव्हा कोरड्या पडलेल्या काठावरचं गवत, किडे, गांडुळं पाण्याखाली जातात आणि मासे अक्षरशः गुडघाभर पाण्यात चरायला येतात. त्या दिवसांत ३० मीटर फेकणं म्हणजे माशांच्या डोक्यावरून फेकणं. पाणी झपाट्यानं उतरत असेल तर उलट. मासे उथळ भाग सोडून जुन्या ओढ्याच्या पात्राकडे सरकतात. हे पात्र शोधायचं असेल तर पातळी सगळ्यात कमी असताना तलावाला एक चक्कर मारा आणि फोटो काढून ठेवा. पात्राचं वळण, बांधासाठी माती उचललेले खड्डे, जुनी विहीर, बुडालेलं कुंपण, झाडांचे बुंधे, सगळं उघडं पडलेलं असतं. वर्षभर उपयोगी पडेल असा नकाशा तासाभरात मिळतो.

बांधावरच बसावं लागत असेल तर लांब न फेकता पायाशी टाका. दगडी पिचिंगच्या (बांधाच्या उतारावर लावलेल्या दगडांच्या) फटींत गोगलगायी, किड्यांच्या अळ्या, झिंगे असतात आणि संध्याकाळी मासे पिचिंगच्या कडेनं गस्त घालतात. पाण्याच्या कडेपासून चार ते सात मीटर, म्हणजे दीड-दोन मीटर खोली, एवढंच. मात्र आवाज करायचा नाही. दगडावर पाय आपटला, स्टूल ओढलं की तो हादरा पाण्यात जातो. कडेपासून दोन-तीन मीटर मागे बसा आणि तुमची सावली पाण्यावर पडू देऊ नका.

आता खोली मोजणं. याला कंटाळू नका, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. मुख्य तंगुसावर ३०-४० ग्रॅमचं शिसं कडीमधून मोकळं सरकेल असं ओवा, मग एक मणी, आणि टोकाला चांगला तरंगणारा मोठा फ्लोट बांधा. फेका, शिसं तळाला टेकू द्या, मग रीळ गुंडाळून तंगूस ताणा. फ्लोट पाण्याखाली जाऊन शिशाला चिकटतो. आता ड्रॅग (जास्त ओढ बसली की तंगूस सोडणारा रिळाचा ब्रेक) सैल करून हातानं ३० सेंटिमीटर, ३० सेंटिमीटर असं तंगूस सोडा आणि मोजत राहा. फ्लोट पाण्यावर आला तेव्हा सात वेळा सोडलं असेल तर खोली दोन मीटर दहा. पाच मीटर अलीकडे ओढून पुन्हा मोजा. एका जागेवरून पंख्यासारख्या तीन दिशांना मोजलं की तळ कुठं एकदम उतरतो ते कळतं. त्या उताराचा वरचा कंगोरा ही माझी पहिली पसंती, कारण खोलातून उथळाकडे चरायला येणारा मासा तिथूनच ये-जा करतो.

ओढताना तळही कळतो. रॉडचं टोक टकटक थरथरलं तर खडे-दगड. गुळगुळीत सरकलं तर घट्ट माती किंवा वाळू. शिसं रुतून बसलं आणि जोर लावल्यावर एकदम सुटलं तर मऊ गाळ. रबरासारखं ताणत राहिलं आणि वर येताना हिरवं घेऊन आलं तर पाणवनस्पती. आमिष घट्ट तळावर किंवा वनस्पतीच्या कडेला ठेवायचं. हातभर गाळात शिसं रुतलं की आमिषही त्यासोबत आत जातं आणि दिसेनासं होतं. तुमच्या मधल्या खोल भागात हेही होत असणार. ताणण्याचा हा अंदाज ब्रेडेड (विणलेल्या) दोरीवर चांगला येतो. नायलॉन ताणलं जात असल्यामुळे बारीक थरथर हातापर्यंत पोचत नाही.

नऊ ते तीन ही वेळ गरमीत सगळ्यात वाईट. सूर्य मावळायच्या आधीचा दीड तास आणि नंतरचा अर्धा तास हे मी कधी सोडत नाही. पहाटेबद्दल मात्र सावध राहा. वनस्पती आणि शेवाळ रात्रभर ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे हिरव्यागार तलावात ऑक्सिजन सगळ्यात कमी पहाटे असतो. मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसले तर ते खायला आलेले नाहीत, गुदमरलेत. त्या दिवशी गळ टाकू नये. अशा तलावात ऊन वर आल्यावर तासाभरानं सुरुवात केलेली बरी. थंडीत दुपारी बारा ते चार, तेव्हा तुमची आजची वेळ बरीचशी योग्य ठरेल.

बारीक मासे. कणकेच्या मऊ गोळ्याला ते पाच मिनिटांत संपवतात, आणि पुढची पंचवीस मिनिटं तुम्ही रिकाम्या गळाची राखण करता. आमिष बदला: उकडलेला मका. सुका मका २४ तास भिजवा, मग २० ते ३० मिनिटं उकळा. दाणा नखानं दाबला तर आत जायला हवा पण फुटायला नको. त्याच पाण्यात दोन दिवस झाकून ठेवला की आंबूस, गोडसर वास येतो, तो माशांना आवडतो. पिशवीतले कोरडे दाणे थेट पाण्यात टाकू नका, ते माशाच्या पोटात फुगतात. गांडूळ हे सगळ्या माशांचं आवडतं, पण बारीक माशांचं तर फारच; तिलापिया भरपूर असेल तिथं मी ते टाळतो.

कणिक सोडायचीच नसेल तर तिची घडण बदला. दोन भाग कणिक, एक भाग तेलबियांची बारीक कुटलेली पेंड, चिमूटभर साखर, आणि पाणी बेतानं. कानाच्या पाळीइतकी मऊ पण हाताला न चिकटणारी व्हायला हवी. त्यात कापसाचे बारीक तंतू विरळ करून मळा; गोळा गळावर तिप्पट वेळ टिकतो. गोळ्याचा आकार मोठ्या बोराएवढा, आणि गळाचं टोक किंचित बाहेर. टोक आत बुडवून ठेवण्याची सवय खूप जणांना असते; मग मासा गोळा तोंडात घेतो, थुंकतो, आणि गळ कुठेही टोचत नाही.

मासे जमवायला पाण्यात चारा किती टाकायचा यात लोक हमखास चुकतात. पहिल्याच तासात दोन किलो ओतलं की मासे पोट भरून निघून जातात, शिवाय उरलेलं कुजून तळाचा ऑक्सिजन खातं. लहान तलावात सुरुवातीला लहान लिंबाएवढे पाच-सहा गोळे पुरे, त्यात मोडलेले मक्याचे दाणे मिसळून. नंतर दर २०-३० मिनिटांनी एक गोळा, आणि मासा लागला की लगेच एक. सगळे टेबलाएवढ्या जागेत पडले पाहिजेत. म्हणूनही जवळच टाकायचं: १५ मीटरवर हातानं नेम धरता येतो, ५० मीटरवर नाही. दोन दिवस आधी संध्याकाळी त्याच जागी मूठभर मका टाकून येता आलं तर त्याचा फायदा कुठल्याही महागड्या एसेन्सपेक्षा जास्त आहे.

मांडणी साधी ठेवा. मुख्य तंगूस ०.३० मिलिमीटर नायलॉन, साधारण सहा-सात किलोचं. त्यावर २०-३० ग्रॅमचं मोकळं सरकणारं शिसं, मग रबरी मणी, मग स्विव्हल (गोल फिरणारी कडी), मग ३०-४० सेंटिमीटरची ०.२५ मिलिमीटरची गळदोरी, शेवटी गळ. शिसं मोकळं असल्यामुळे मासा आमिष उचलून चालू लागला तर त्याला वजन जाणवत नाही. गळदोरी मुख्य तंगुसापेक्षा बारीक ठेवायचं कारण वेगळं: काही अडकून तुटलं तर ती तुटावी, माशामागे शिसं आणि दहा मीटर तंगूस लटकत राहू नये.

गळाच्या आकड्यात गोंधळ होतो म्हणून सांगतो, साध्या आकड्यांत आकडा मोठा तितका गळ लहान. दोन-तीन मक्याच्या दाण्यांना ६ किंवा ८ नंबर, कणकेच्या गोळ्याला ४ किंवा ६. गळाच्या टोकाजवळचा काटेरी अडसर पक्कडीनं दाबून टाका. तंगूस ताणलेलं ठेवलं तर मासा सुटत नाही, आणि गळ काढताना तोंड फाटत नाही.

मक्यासाठी केसाची मांडणी एकदा करून बघाच. गळदोरीचं टोक गळाच्या मागे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मोकळं सोडायचं, त्यात दाणे सुईनं ओवायचे, आणि गळ पूर्ण उघडा ठेवायचा. दाणा आणि गळाचा बाक यांत तीन ते पाच मिलिमीटर अंतर. कार्प जातीच्या माशांच्या तोंडात दात नसतात, ते घशात असतात. त्यामुळे तो आमिष आधी आत ओढतो, पारखतो, नको असेल तर फुंकून बाहेर टाकतो. गळ दाण्यात खुपसलेला असेल तर दोन्ही एकत्र बाहेर येतात. दाणा केसावर असेल तर बाहेर फेकताना उघडा गळ खालच्या ओठात अडकतो. कुरतडणाऱ्या बारीक माशांनाही कडक दाणा पटकन संपवता येत नाही. तुमच्या दोन्ही तक्रारींवर हा एकच उपाय चालतो.

तुटलेल्या तंगुसाबद्दल तुम्ही लिहिलंय की मासा फार मोठा होता. असेलही. पण दोष कुणाचा ते तुटलेलं टोक सांगतं, पुढच्या वेळी ते फेकून देऊ नका. टोक स्प्रिंगसारखं पिळवटलेलं असेल तर गाठ सरकून सुटली, तंगूस तुटलंच नाही. टोकाजवळचे काही सेंटिमीटर बोटाला खरखरीत लागले तर दगडावर घासलं गेलं. पिचिंगवर हे सारखं होतं. टोक पांढुरकं आणि ताणून बारीक झालेलं असेल तर जोर जास्त पडला, म्हणजे ड्रॅग आवळलेला होता. माझा अंदाज तिसऱ्या कारणाचा आहे, कारण लांब फेकणारे बहुतेक जण फेकताना दोरी सुटू नये म्हणून ड्रॅग घट्ट करतात आणि मग तो सैल करायचा विसरतात.

ड्रॅग तंगुसाच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या भागाला सुटायला हवा. सहा किलोच्या तंगुसाला दीड ते दोन किलो. घरी तपासायची सोपी रीत: दीड लिटर पाण्यानं भरलेली बाटली तंगुसाला बांधा, रॉड ४५ अंशांत धरून उचला. बाटली जमिनीवरून सुटता सुटता रीळ कुरकुरत तंगूस देऊ लागलं तर बरोबर. बाटली आरामात वर आली तर घट्ट आहे. गळदोरी बारीक असेल तर हिशेब तिच्या ताकदीवर करायचा, मुख्य तंगुसाच्या नाही.

गाठ नायलॉनला अशी: टोक गळाच्या डोळ्यातून काढा, मुख्य दोरीभोवती पाच-सहा वेढे द्या, डोळ्याजवळच्या फासातून टोक घाला, मग जो नवा मोठा फास तयार झाला त्यातूनही काढा. थुंकीनं ओली करा आणि सावकाश आवळा. कोरडी गाठ आवळली की घर्षणाची उष्णता नायलॉन कमजोर करते, आणि नवीन माणसाची गाठ तुटते ती बहुतेक याच कारणानं. उरलेलं टोक तीन मिलिमीटर ठेवून कापा. हीच गाठ ब्रेडेड दोरीला चालत नाही, ती गुळगुळीत असल्यामुळे सरकते. तिला दुहेरी दोरी डोळ्यातून काढून साधी गाठ मारायची, फासातून गळ ओलांडून घ्यायचा आणि मग आवळायचं. प्रत्येक माशानंतर शेवटचा मीटरभर भाग बोटांतून फिरवा. खरखर लागली तर कापून पुन्हा बांधा. उन्हात पडून राहिलेलं नायलॉन वरून चांगलं दिसतं पण ठिसूळ झालेलं असतं, त्यामुळे नेहमी वापरात असेल तर हंगामाला एकदा बदला.

मासा लागल्यावर रॉड वर धरा, पण सरळ मागे खेचू नका. तो पळतोय तोवर रिळाची मूठ फिरवायची नाही. ड्रॅग सुटत असताना मूठ फिरवली की तंगुसाला पीळ बसतो. थांबला की रॉड हळू उचला, खाली नेताना गुंडाळा. बुंध्यांकडे किंवा पिचिंगच्या टोकाकडे वळला तर रॉड आडवा करून उलट बाजूला दाब द्या. शेवटी हातजाळी आधी पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा जाळीवर आणा. जाळीनं माशाचा पाठलाग केला तर तो शेवटचा जोर लावतो, आणि बहुतेक मासे इथंच जातात. बांधाच्या उतारावर मासा तंगुसानं उचलून घ्यायचा मोह टाळा. पाण्यात तीन किलोचा मासा हलका वाटतो, बाहेर येताच ते पूर्ण वजन गाठीवर पडतं.

सोडायचा असेल तर हात आणि चटई ओली करा, पोटाखाली हात द्या, कल्ल्यांत बोटं घालू नका, अर्ध्या मिनिटात पाण्यात परत. गरम पाण्यात दमलेला मासा पोहत गेला तरी नंतर मरू शकतो, म्हणून त्याला खेळवत बसू नका. मरळ लागली आणि जवळच पाण्यावर लालसर बारीक पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला, तर ती पिल्लांची राखण करणारी आहे. तिथल्या तिथं सोडा, नाहीतर ती पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. पाण्यावर निळसर-हिरवा रंगासारखा तवंग असेल तर त्या काळातला मासा खाऊ नका, त्यातल्या काही शेवाळांत विष असतं.

सांडवा आणि पाणी सोडायच्या विहिरीपासून लांब राहा, तिथली पाण्याची ओढ वरून दिसत नाही. पातळी उतरल्यावर उघडा पडलेला गाळ वरून सुकलेला वाटतो पण खाली दलदल असते, त्यात पाय टाकू नका. कार्बनचा रॉड वीज वाहतो. विजेच्या तारांपासून किमान ३० मीटर दूर, आणि ढग गडगडले की रॉड खाली ठेवून काठ सोडायचा.

आता मूळ प्रश्न, रॉड. आहे तोच सात-आठ फुटी असेल तर तो पुरे. नवा घ्यायचाच असेल तर नऊ ते दहा फूट, मध्यम ताकदीचा, टोक लवचीक आणि २० ते ६० ग्रॅम वजन फेकायला बनवलेला. सोबत ०.३० मिलिमीटरचं दीडशे मीटर तंगूस मावणारं ३००० किंवा ४००० आकाराचं स्पिनिंग रीळ. १२ फुटी रॉडचे वाचलेले पैसे लांब दांड्याच्या हातजाळीत घाला, बांधाच्या उतारावर तिची गरज जास्त आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा पहिला तास गळ न लावता फक्त खोली मोजा, झाकण सोडून बघा, आणि आकडे इथं लिहा: झाकण कितीला गायब झालं, दोन मीटरची खोली काठापासून किती अंतरावर लागली, वारा कुठल्या काठावर होता. तेवढ्यावरून कुठं बसायचं ते नेमकं सांगता येईल.